चिठ्ठीवरची दाढ

३ फेब्रुवारी, सोमवार

परत गिळलं! पंधरा सेकंद. फक्त पंधरा सेकंद माणसाला आवंढा न गिळता उभं राहता येत नाही? सकाळपासून हा तिसरा. मी काचेमागून माइकवर सांगते – गिळू नका, बोलू नका, मान हलवू नका – आणि आतले सद्गृहस्थ मान डोलावून ‘हो’ म्हणतात. मशीन डोक्याभोवती फिरत असताना! फोटोत एका जबड्याचे दोन जबडे. मग पुन्हा हनुवटी टेकवा, पुन्हा दातांत ती कांडी धरा, पुन्हा किरणांचा डोस. त्यांना त्याचं काही नसतं. मलाच उगाच अपराधी वाटत राहतं.

सतरा वर्षं ह्या खोलीत घसा कोरडा करते आहे. आज दुपारी मोठ्या डॉक्टरांना सांगूनच टाकलं – सेंटर त्यांचं – की जबड्याच्या सीटी स्कॅनबद्दल पेशंटला काय काय माहीत हवं ते एका कागदावर छापू आणि बाहेरच्या बाकांवर ठेवू. म्हणाले, लिहा. एकच पान. अक्षर मोठं. आणि कोणाला घाबरवू नका.

बघू. लिहिते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कवळी काढली का विचारलं तर आजोबा छातीठोक म्हणाले, काढली. स्कॅनमध्ये वरच्या जबड्यात तारांचं झुडूप! विचारलं तर म्हणतात, खालची काढली होती की.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कागद लिहून झाला. वाचून स्वतःवरच खूश झाले. मग मोठ्या डॉक्टरांनी लाल पेन काढलं.

राहिलं ते असं – कानातलं, नाकातलं, केसांच्या पिना, चष्मा, काढता येणारे सगळे दात (खालचे *आणि* वरचे) बाहेर ठेवा. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा. हे बोगद्यासारखं बंद मशीन नाही, उभ्याउभ्या होतं, टोचत नाही, दुखत नाही. हलू नका.

उडालं ते असं. ‘साध्या एक्स-रेवर भागतंय का, हे आपल्या दातांच्या डॉक्टरांना विचारा.’ उडालं. ‘एकाच दाढेचं काम असेल तर तेवढाच भाग घेता येईल का, हे विचारा. भाग लहान तर सहसा किरणही कमी.’ उडालं. ‘तुमचा पूर्ण स्कॅन कोण वाचणार आहे, हे विचारा.’ ह्याच्यावर तर दोन रेघा! दातांच्या साध्या एक्स-रेपेक्षा ह्यात किरण जास्त, पण हॉस्पिटलातल्या मोठ्या सीटीपेक्षा बहुधा कमी, असंही एक वाक्य होतं. त्यातला ‘बहुधा’ त्यांना खटकला. लोकांना ‘बहुधा’ आवडत नाही म्हणे. मग खरं कसं सांगायचं?

पण मला झोंबलं ते ‘कोण वाचणार’ ह्या वाक्याचं. आमची रीत अशी – दातांचे डॉक्टर चिठ्ठीवर दाढ लिहितात. आम्ही घेतो मात्र दोन्ही जबडे, ह्या कानापासून त्या कानापर्यंत. म्हणजे पेशंटला पुन्हा बोलवायला नको. मग सोमवारी आणि गुरुवारी रिपोर्टवाले डॉक्टर येतात आणि चिठ्ठीवरची दाढ वाचतात. तेवढीच. बाकीचा जबडा कोणी न फोडलेल्या टपालासारखा डिस्कवर पडून राहतो. ह्या डॉक्टरांना आम्ही त्यांच्या मागे ‘दीड मिनिट’ म्हणतो. एका रिपोर्टला त्यांना तेवढंच लागतं.

हे मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, गिऱ्हाइकाने शर्ट टाकलाय तर आपण पँट का शिवायची? विषय संपला. मी कागद ड्रॉवरमध्ये कोंबला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गंमत म्हणजे आज खरोखरच शर्ट-पँटवाले आले – समोरच्या गल्लीतले टेलरकाका. माझे सगळे पांढरे कोट त्यांच्याच हातचे. खालची उजवी दाढ मागे काढली आहे, तिथे स्क्रूवर नवीन बसवायची. वीस तारीख ठरली आहे. दाढ नाही म्हणून चावायला त्रास होतो ते राहू दे, पण दोरा दाताने तोडता येत नाही, हे त्यांचं खरं दुःख. कात्री हाताशी असताना! त्यावर म्हणाले, कात्री शोधेपर्यंत बाही बसवून होते.

काय उभे राहिले! चाळीस वर्षं दुसऱ्यांना ‘सरळ उभे राहा, हलू नका’ म्हणणारा माणूस. आवंढा नाही, पापणीसुद्धा नाही. पेशंट असावा तर असा.

आणि मग ते.

कोणी हललं की नाही हे बघायला मी फोटो एकदा सगळीकडून फिरवते. सवय आहे. उजवी बाजू स्वच्छ. डावीकडे वळवला आणि हात थांबला. जबडा जिथे कानाकडे वर वळतो, त्या कोपऱ्यात हाडात पुरलेली अक्कलदाढ, आणि तिच्याभोवती काळी, गोल, मोठी पोकळी. मापली. तीस मिलिमीटर. खाली हाडाचा नुसता काठ उरलाय.

काका कोट घालत होते. विचारलं, कसं आलं माप? मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. आम्हाला एवढंच म्हणायची परवानगी आहे. ते ‘बरं’ म्हणून गेले. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

१० फेब्रुवारी, सोमवार

दीड मिनिट आले. मी मुद्दाम टेलरकाकांची फाइल पहिली लावली आणि म्हटलं, सर, डावीकडे जरा बघता का? त्यांनी चिठ्ठी बघितली. म्हणाले, चिठ्ठी उजवीची आहे. मी म्हटलं, हो, पण डावीकडे– तेवढ्यात ते रिपोर्ट सांगायला लागले होते. ‘हाडाची उंची पुरेशी, रुंदी पुरेशी, नस सुरक्षित अंतरावर.’ मी टाइप करत होते! माझ्याच बोटांनी! सही. पुढची फाइल.

संताप संताप झाला. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी फोटो बघितला नाही, माझ्याकडे बघितलं. टेक्निशियन निदान करत नाहीत, म्हणाले. बरोबर आहे. मी निदान करत नाहीच आहे. मी म्हणते आहे, ज्याला करता येतं त्याने बघावं. ह्यावर ते, ‘रिपोर्ट आलाय ना? त्यात काही आहे का? नाही ना? मग?’

म्हणजे बघितलं नाही म्हणून लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून ते नाहीच. वा!

आणि मीच चुकत असले तर? तीस मिलिमीटरचं काळं वर्तुळ मला सावलीतून दिसलंय, असं असू शकतं का? पुन्हा उघडून बघितलं. नाही. आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट गेला. डाव्या बाजूबद्दल अवाक्षर नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज दीड मिनिटांना चहाच्या वेळी गाठलं. कप त्यांच्या हातात, पळता येईना. मी स्क्रीनच त्यांच्याकडे वळवला. बघितलं. कप खाली ठेवला. माउस माझ्या हातातून घेतला आणि फोटो वर-खाली, पुढे-मागे फिरवत राहिले. पाच मिनिटं! ह्या माणसाला पाच मिनिटं बघता येतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मग हळूच म्हणाले, चिठ्ठी लिहिणाऱ्या दातवाल्या मॅडमना फोन करा. मी म्हटलं, सर, रिपोर्टमध्ये घालू या ना. तर म्हणे सही झालेल्या रिपोर्टला हात लावायचा म्हणजे मोठ्या डॉक्टरांना विचारायला हवं. एवढा शिकलेला माणूस, आणि परवानगीवर घोडं अडलं.

मॅडमना तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मिळाल्या. एका पेशंटच्या तोंडात हात घालूनच बोलत असाव्यात. डावीकडे? पण मला पाठवलेल्या फाइलमध्ये डावी बाजू नाहीच, म्हणाल्या. खरंच नाही. त्यांच्या कॉम्प्युटरला मोठी फाइल झेपत नाही, म्हणून मीच दाढेपुरता तुकडा कापून पाठवते. सगळ्यांनाच तसं पाठवते. पूर्ण फाइल पाठवू का विचारलं, तर म्हणाल्या, माझं काम उजवीकडे आहे, ते झालं की बघू.

स्क्रू बसवायला सात दिवस राहिले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी ह्यांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझं काम फोटो काढायचं, ते तू चोख केलंस. आता सोड.

सोड! ह्यांना वाटतं मी उगाच डोक्याला ताप करून घेते. मी म्हटलं, तुमचा जबडा असता तर सोडलं असतं का? तर हसून म्हणाले, माझा जबडा तू कधी उघडू देतेस? मी भांडी इतकी आपटली की शेवटी स्वतःच येऊन पुसायला लागले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केलं. जे करायला नको होतं ते केलं.

सुटीच्या दिवशी एक चांगला कोट घेऊन टेलरकाकांच्या दुकानात गेले. म्हटलं, बाह्या जरा आखूड करून द्या. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. तोंडात टाचण्या, ओठांत नीट ओळीने धरलेल्या. एकेक काढून बाहीला लावत होते. मी आरशात त्यांचा डावा गाल बघत होते. बाहेरून काही नाही. सूज नाही, काही नाही.

बोलायचा मला अधिकार नाही. नियम मला तोंडपाठ आहे, नव्या मुलींना मीच शिकवते. पण तोंडातून निघालंच. ‘काका, मॅडमना एक विचाराल? स्कॅनमध्ये डाव्या बाजूला काय आहे, एवढंच विचारा.’

त्यांनी टाचण्या तळहातावर काढल्या. ‘डावीकडे मला काहीच दुखत नाही.’

‘तरी विचारा.’

मग कोटाची बाही सरळ करत म्हणाले, ‘तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही सांगणार नाही ना?’ मी नाही म्हटलं. मला सांगता येत नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या. बाहीचं काम पूर्ण करूनच मला सोडलं.

घरी येताना नोकरी गेली तर जाऊ दे, असं वाटलं आणि लगेच जाऊ नये, असंही वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काकांनी विचारलं. शनिवारी संध्याकाळीच मॅडमच्या दारात जाऊन बसले. मॅडमनी आज सकाळी मोठ्या डॉक्टरांना फोन केला – तुमची टेक्निशियन माझ्या पेशंटना परस्पर घाबरवते. आणि मग केबिनमध्ये माझी शोभा.

सगळं ऐकून घेतलं. चूक होती तेवढी कबूलही केली. पण शेवटी त्यांनी माझ्या ड्रॉवरमधून मागवलेला माझाच कागद समोर धरला. ‘तुम्ही लिहिलंय – भाग लहान घ्या. तुमचं ऐकून लहान घेतला असता, तर हे तुम्हाला दिसलं असतं का?’

उत्तर जिना उतरताना सुचलं. नसतं दिसलं. पण जेवढं लागतं तेवढंच घ्या, आणि जेवढं घेतलंत तेवढं सगळं बघा. बघणार नसाल तर घेता कशाला? ह्यात काय अवघड आहे? परत वर जाऊन हे सांगावं असं फार वाटलं. गेले नाही.

पण आज एक नवल घडलं. दीड मिनिटांनी मला न विचारता, कोणालाच न विचारता, टेलरकाकांचा रिपोर्ट उघडला आणि जोड रिपोर्ट सांगितला. डावा कोपरा, पुरलेली अक्कलदाढ, पोकळी, माप, सर्जनचा सल्ला घ्यावा. मी टाइप करत असताना माझ्याकडे बघितलं नाही. सही करून म्हणाले, ‘चार दिवस झोप नाही.’ मी पाणी आणून दिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दातवाल्या मॅडम स्वतः आल्या! मी पूर्ण स्कॅन उघडून दिला. माझ्या खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिल्या. वीस तारखेचा स्क्रू रद्द. सर्जनकडे चिठ्ठी. जाताना दारात थांबून म्हणाल्या, पुढच्या वेळी मला पूर्ण फाइल पाठवा, मी कॉम्प्युटर बदलते. माझ्यावर केलेल्या तक्रारीबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत.



२० फेब्रुवारी, गुरुवार

काका सर्जनकडून थेट इथेच आले. आज मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं, जे होईल ते होवो.

सर्जन म्हणाला, दाताने दोरा तोडायचा नाही, सुपारीसुद्धा फोडायची नाही, जबडा त्या जागी मोडू शकतो. आतला तुकडा तपासायला पाठवणार. वाईटातलं काही नसावं असं त्याला वाटतं, पण तपासल्याशिवाय तोही बोलणार नाही. मोठा प्रश्न पुढचा आहे. पोकळी हळू वाढणारी असेल तर छोट्या ऑपरेशनवर भागेल – भोक पाडून ठेवायचं, ती आपोआप आक्रसते, मग उरलेलं खरवडून काढायचं. भराभर वाढत असेल तर हाडाचा तुकडाच काढावा लागेल. मग खालची नसही जाण्याची भीती.

‘नस गेली तर अर्धा ओठ बधिर,’ काका म्हणाले. ‘ओठात टाचणी आहे की नाही ते कळायचं नाही मला.’

मला रडूच आलं. पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

किती वेगाने वाढली हे कळायला सर्जनला जुना स्कॅन हवाय. काका म्हणाले, आहे ना, तीन वर्षांपूर्वी वरच्या दाताला काढला होता, इथेच. मला काही आठवेना. रोज दहा-बारा तोंडं बघते. डिस्कवर शोधलं, पण आम्ही दोन वर्षांपूर्वीचं सगळं पुसून टाकतो. हेही कागदावर यायला हवं! आपली प्रत मागून घ्या, जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरला दाखवा. काका म्हणाले, घरी शोधतो, मी काही टाकत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अजून सापडला नाही. सर्जन मंगळवारपर्यंत थांबणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या डॉक्टरांनी कागद परत दिला. उडवलेली तिन्ही वाक्यं परत! ‘पूर्ण स्कॅन कोण वाचणार आहे, हे विचारा’ हे तर ठळक. प्रत मागून घेण्याचंही वाढवायला सांगितलं. ‘बहुधा’ मात्र गेलाच. जाऊ दे. पाचशे प्रती छापायला गेल्या.

जिंकले, असं वाटायला हवं. पण रागच आला. अडीच आठवडे! एका माणसाच्या हाडाचा कोपरा पोखरून निघतोय आणि दातवालीचं काम उजवीकडे, रिपोर्टवाल्याची चिठ्ठी उजवीची, आणि मालकांचा शर्ट-पँटचा विनोद. प्रत्येकाने आपापला तुकडा बघितला आणि काखा वर केल्या. अख्खा माणूस कोणाच्या वाट्यालाच आला नाही. लोक विश्वासाने येतात, हनुवटी टेकवतात, श्वास धरून उभे राहतात. तुम्हाला मान फिरवून डावीकडे बघायला काय जड जातं? मला तरी नाही जात. मी बघते. सतरा वर्षं प्रत्येकाचा फोटो सगळीकडून फिरवून बघते आहे.

हे सगळं त्यांच्या तोंडावर सांगायचं धाडस एक दिवस करणार आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काकांना जुना स्कॅन सापडला. आत्ता घेऊन आले. कपड्यांच्या नमुन्यांच्या पेटीत होता. मी लावला. डावा कोपरा – आहे. अकरा मिलिमीटर. तीन वर्षांत अकराची तीस.

सीडीच्या पाकिटावर निळ्या शाईत लिहिलंय – ‘वरचा दात सोडून बाकी जबडा चांगला आहे. काळजी करू नका.’ अक्षर माझं आहे. काका म्हणाले, ‘रिपोर्टवाले रजेवर होते आणि मी घाबरलो होतो, म्हणून तुम्हीच लिहून दिलं होतंत. तेव्हापासून निर्धास्त होतो.’

दोन्ही स्कॅन सर्जनला पाठवले. पाकिटाचा फोटोही पाठवला, खाली माझं नाव घालून. काका बाहेर बाकावर बसलेत, काय निघालं ते अजून त्यांना माहीत नाही. सर्जनच्या आधी मीच सांगणार आहे. वही मिटते.